तारेला टांगलेली चावी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज एका निष्पाप ब्रशची हत्या झाली.

माझ्या टेबलाच्या खणात तो पाच वर्षं सुखाने नांदत होता. जन्माने दातांचा, पण निवृत्तीनंतर कीबोर्डच्या फटींतली धूळ काढायचं हलकं काम मी त्याला दिलं होतं. साधारण मला अक्काने दिलंय तसंच. दुपारी बघतो तर खण रिकामा! शोध घेत वर्कशॉपमध्ये गेलो. ब्रश फरशीवर आडवा, केसांत हिरवट-पांढरी बुरशी, शेजारी वाटीत खाण्याचा सोडा कालवलेला. आणि अक्का एका बॅटरीची टोकं घासून लख्ख करत बसलेली.

"अक्का, हा माझा ब्रश आहे."

"होता."

भूतकाळाचा इतका निर्दय वापर मी सव्वीस वर्षं संस्कृत शिकवताना एकदाही केला नाही.

मी निषेधाचं छोटं भाषण केलं. तिने मान वर न करता ऐकलं, आणि मग म्हणाली, "झालं? आता कामाचं लिही. गिऱ्हाइकांना द्यायला एक पत्रक हवंय. ट्रेलरची सुटकेची बॅटरी कशी सांभाळायची. आणि भिंतीवर लावायला दुसरं — वेल्डिंगच्या आधी काय काय काढायचं, नंतर काय काय जोडायचं. मोठ्या अक्षरात. वाचणाऱ्याला काही म्हणजे काही माहीत नाही असं समजून लिही."

"काहीच माहीत नसलेला माणूस इथे मीच आहे."

"म्हणून तर तुला सांगतेय, पंडित."

शाळेने संस्कृतचा वर्ग बंद केला तेव्हाही ती अशीच म्हणाली होती — "पत्रव्यवहाराला ये. माझं लिहिणं गिऱ्हाइकांना धमकीसारखं वाटतं." बासष्ट वर्षांची बाई, ट्रेलर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवते, वेल्डिंग स्वतःच्या हाताने करते. आणि तिचा चोपन्न वर्षांचा धाकटा भाऊ ब्रशसाठी रडतो. असो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पत्रक लिहायचं तर आधी समजायला हवं. अक्काने मला ट्रेलरच्या पुढच्या दांड्यापाशी उकिडवं बसवलं. गुडघ्यांनी हरकत नोंदवली. फेटाळली गेली.

तर प्रकरण असं. पुढे गाडी, मागे ट्रेलर, मध्ये हुक आणि जादाची साखळी. हुक निसटला आणि साखळीही तुटली तर ट्रेलर मोकाट! त्याला ब्रेक आहेत, पण त्या ब्रेकना वीज पुरवते गाडी — आणि गाडी तर पुढे निघून गेलेली. म्हणून दांड्यावर काळ्या डब्यात एक छोटी बॅटरी. तिच्या स्विचात एक पिन. पिनेला बारीक तारेची दोरी, दोरीचं दुसरं टोक गाडीला. ट्रेलर सुटला की दोरी ताणते, पिन उपटली जाते, आणि ही एवढीशी बॅटरी एकटीच्या जोरावर चाकं धरून ठेवते.

"आयुष्यात एकदा लागते," अक्का म्हणाली. "आणि नेमकी तेव्हा मेलेली असते. कारण कुणी बघतच नाही तिच्याकडे."

तिने मीटर लावला. बारा पूर्णांक सहा व्होल्ट. "हिचं पोट भरलंय." शेजारच्या ट्रेलरची अकरा पूर्णांक आठ. "ही उपाशी. चार्जिंगला." मग पिन ओढली. चाकांच्या आतून बारीक गुणगुण ऐकू आली. ट्रेलर ढकल म्हणाली. ढकलला. ढिम्म! लगेच पिन परत जागेवर. "ओढून ठेवून चहाला गेलास तर परत येईपर्यंत बॅटरी खलास." झाकणावर पांढऱ्या रंगाने तारीख टाकली. चार वर्षं झाली की बॅटरी कितीही ठणठणीत दिसो, अक्का ती बाद करते.

"हे फार कडक झालं. माणसांनासुद्धा साठपर्यंत ठेवतात."

"माणसांना कोण मीटर लावतंय!"

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पाच वर्षं तिथे बसताय, आणि आज कळलं?"

मी आणखी भात वाढून घेतला.

५ नोव्हेंबर, बुधवार

वर्कशॉपमधल्या सगळ्या खणांवर आज खडूने नावं आली आहेत. 'बारीक नट.' 'लाल वायर.' 'चिमटे.' चहाच्या डब्यावरसुद्धा 'चहा'! तीस वर्षं अक्का डोळे मिटून काढायची त्या वस्तू. या वयात नवीन शिस्त लावून घेणं सोपं नाही. मी अजून चष्मा कुठे ठेवावा हे ठरवू शकलेलो नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज वेल्डिंगच्या आधीचा विधी पाहिला. हो, विधीच. इतकी वर्षं काचेपलीकडून ठिणग्या बघत होतो. आज जवळ उभा राहिलो.

एका ट्रेलरची मागची चौकट तडकली होती. अक्काने आधी मशीनला हातच लावला नाही. आधी गाडीची आणि ट्रेलरची वीजजोडणी सोडवली. मग बॅटरीची काळी तार, मग लाल. बॅटरी डब्यातून काढून दोन्ही हातांत धरून लांबच्या फळीवर नेऊन ठेवली — तान्हं मूल न्यावं तशी. चार्ज होताना बॅटरी वायू सोडते, ठिणगीला तेवढं पुरतं, म्हणून. मग ब्रेकना किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर वेगळा केला. मग पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत जागा केली आणि अर्थिंगचा चिमटा तडकलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर लावला.

"एवढ्या जवळ का?"

"करंट म्हणजे पाहुणा. परत जायचं दार शेजारीच दाखवलं तर गुमान जातो. नाही दाखवलं तर अख्खं घर हिंडून, दिसेल त्याला हात लावून जातो. बेअरिंग, दिवे, वायरिंग — सगळ्याची वाट."

आमचा इलेक्ट्रिशियन शेजारीच होता. पटकन उडतो म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणतात, आणि तो म्हणवून घेतो. म्हणाला, "मास्तर, मी आधी होतो त्या ठिकाणी एकाने चिमटा लावला पुढच्या टोकाला आणि वेल्डिंग केलं मागच्या. काय रोषणाई झाली! सगळे दिवे एकदम लागले, आणि मग कायमचे गेले. चाकांची बेअरिंगसुद्धा आतून चट्टे पडून खराब. मालक म्हणाला, देवाची मर्जी. मी म्हणालो, देवाला कशाला मध्ये घेता, चिमट्याची मर्जी."

पण मला लिहून ठेवायचंय ते पुढचं.

सगळं सोडवून झाल्यावर अक्काने खिशातून स्कूटरची चावी काढली. बॅटरीच्या सुटलेल्या लाल तारेच्या टोकाला कडी आहे, त्या कडीत चावी अडकवली. चावीला माझी शाळेतली पितळी शिट्टी आहे — मैदानावर वाजवायची. तिला दिली होती. शिट्टी तारेला लटकत राहिली.

"हे काय?"

"चावी तारेवर आहे तोवर मी घरी जाऊ शकत नाही. घरी जायचं तर चावी काढावी लागते. चावी काढली की तार हातात येते. हातात आली की जोडते."

किती साधं! पहिल्या वर्षी ती एका ट्रेलरची बॅटरी जोडायची विसरली होती. रात्री पहिला घास तोंडाशी नेताना आठवलं. तशीच उठली, स्कूटर काढली, अकरा किलोमीटर त्या ट्रेलरवाल्याच्या मागे गेली आणि रस्त्याच्या कडेला त्याच्याच टॉर्चच्या उजेडात जोडून आली. तेव्हापासून चावी. एकतीस वर्षांत एकदाही चूक नाही.

लोक विसरू नये म्हणून बोटाला दोरा बांधतात, हातावर लिहितात. हिने स्वतःचं घरच तारेला टांगलं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्रकाचा पहिला मसुदा दाखवला. शीर्षक होतं 'वियोगरक्षक विद्युत्कोश : संवर्धन आणि संरक्षण'.

अक्काने वाचलं. चष्मा काढला. पुसला. परत वाचलं.

"कोणी मेलंय का?"

"का?"

"शोकसभेच्या पत्रकासारखं वाटतंय. 'सुटकेची बॅटरी' लिही. आणि हे काय — 'प्रतिमासी निरीक्षणीय'? 'महिन्यातून एकदा बघा' लिही. वाचणारा उभा असतो रे, हाताला ग्रीस असतं."

लाल पेनाने माझ्या चौदा ओळींच्या चार केल्या. माझ्या विद्यार्थ्यांची मी आयुष्यभर जी गत केली ती आज माझी झाली. आणि खरं सांगायचं तर — चारच पुरेशा होत्या. हिला आयुष्यात कुणी निबंध शिकवला नाही. लहानपणी मी घरी धडे पाठ करायचो, ते शेजारी बसून कपडे शिवता शिवता ऐकायची, तेवढंच तिचं शिक्षण. माझ्यापेक्षा आधी पाठ व्हायचे तिला! अडलो की शिलाई न थांबवता पुढचा शब्द सांगायची. अर्थ ठाऊक नसताना.

१० नोव्हेंबर, सोमवार

मधवाला आला. डोंगरापलीकडच्या फुलोऱ्यावर मधमाश्यांच्या पेट्या नेतो. चाळीस पेट्या, एक ट्रेलर. दांड्याला, अगदी हुकाच्या मागे, केसासारखी चीर गेली आहे. त्याला दिसलीच नव्हती. अक्काने बोट फिरवलं आणि थांबली — "इथे."

"बाई, शुक्रवारी पहाटे निघायचंय. पेट्या भरून सात वाजता रस्त्याला लागायला हवं. ऊन चढलं की माश्या आत तापतात."

"गुरुवारी संध्याकाळी ट्रेलर अंगणात तयार असेल. वॉचमनला सांगून ठेवते, पहाटे येऊन ने."

"उतार फार आहे हो त्या बाजूला."

"म्हणून तर चीर आज सापडली ते बरं."

तो गेल्यावर मी म्हणालो की या बाईच्या बोटाला डोळे आहेत. फ्यूज म्हणाला, "आणि जिभेला धार."

११ नोव्हेंबर, मंगळवार

अक्काने दुपारी विचारलं, "मधवाला ट्रेलर कधी आणून देणार?"

"अंगणात उभा आहे की कालपासून."

"हो हो. मी म्हणजे पेट्यांबद्दल विचारत होते."

कामाचा व्याप फार झालाय. तिला एक मदतनीस हवा. मला धरलं तरी अर्धाच होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भिंतीवरचं पत्रक लागलं. अकरा ओळी, मोठी अक्षरं. तिने खुर्ची ओढून समोर बसून दोनदा वाचलं. शाळेत तपासणीला येणारे साहेब सोडले तर माझं लिखाण इतक्या मन लावून कुणी वाचलेलं नाही. फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिने मला जादाचा मास्क घालून शेजारी उभं केलं. "बघ एकदा. आयुष्यभर पुस्तकातलं तेज शिकवलंस."

काळ्या काचेतून आधी काहीच दिसेना. मग एक हिरवा ठिपका. मग त्या ठिपक्याच्या पोटात वितळलेल्या लोखंडाचं छोटं तळं — थरथरणारं, कडेने गोठत जाणारं. अक्काचा हात ते तळं पुढे नेत होता, कणाकणाने, जराही घाई नाही. मास्कच्या आतून तिचा आवाज आला, "तळ्याकडे बघ, ठिणगीकडे नको. ठिणगीकडे सगळेच बघतात."

थंड झाल्यावर वरची राख हातोडीने झाडली. खाली खवल्यांची एकसारखी ओळ, माशाच्या पाठीसारखी. एकाही खवल्याचं दुसऱ्याशी भांडण नाही. मी नुसता बघत राहिलो. मला माझी एकही ओळ इतकी चांगली लिहिता आलेली नाही आणि येणारही नाही. हे खोट्या विनयाने लिहीत नाही. इथे वाचणारं आहे कोण!

मला लवकर निघायचं होतं, बायकोला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. म्हणून मधवाल्याची डिलिव्हरीची चिठ्ठी चार वाजताच लिहून टाकली. जोड — केला. चाकांची हवा — बघितली. सुटकेची बॅटरी जोडून, पिन ओढून तपासली — टिक. अजून अक्का खवल्यांवर रंग लावत होती. पण तिला काय विचारायचं! सूर्याला कुणी विचारतं का, उद्या उगवणार ना म्हणून?

सात वाजता अक्का घरी आली. तिची खोली आमच्या वरच. बायको म्हणाली, "अक्का आज चालत आल्या. हवा छान होती म्हणाल्या."

साडेचार किलोमीटर! दिवसभर वेल्डिंग करून! बासष्टाव्या वर्षी! आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला गाडी काढतो. उद्यापासून मीही चालणार आहे. (हे वाक्य या वहीत याआधीही आलेलं आहे. मागची पानं उघडू नयेत.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वही उघडायची इच्छा नव्हती. तरी लिहितो. जसं झालं तसं.

सकाळी आठ. मी चहा घेत होतो. अक्का खाली आली आणि दारातून परत आत आली. "पंडित, माझी स्कूटर कुणीतरी नेली."

मी ताडकन उठलो. दारात खरंच स्कूटर नव्हती. शेजारी विचारूया, पोलिसांत जाऊया — माझं सुरूही झालं. बायको आतून म्हणाली, "अहो, काल अक्का चालत आल्या ना? स्कूटर वर्कशॉपमध्येच असेल."

अक्काने तिच्याकडे बघितलं. "चालत?"

"हो. हवा छान आहे म्हणालात."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ती कालच्या संध्याकाळीत काहीतरी शोधत होती आणि तिथे काहीच नव्हतं. खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग पायरीवर बसली.

"चावी तारेवर आहे," ती म्हणाली.

मला कळेना. मग कळलं. ट्रेलर गेला होता. चाळीस पेट्या घेऊन. बॅटरी न जोडता. उताराच्या रस्त्याने. आणि माझ्या अक्षरातली टिक घेऊन!

"त्याला फोन लाव."

लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मी घड्याळाकडे बघत हिशेब करत होतो — सातला निघाला, तर चढ संपायला नऊ, मग उतार. हुक निसटेलच असं नाही. जोड तिच्या हाताचा आहे. पण हुक कधीच निसटत नाही असं असतं तर बॅटरी कशाला लावली असती?

तिसऱ्यांदा उचलला. मी "हॅलो" म्हणेपर्यंत अक्काने फोन काढून घेतला.

"कुठे आहेस?"

पेट्रोल पंपावर होता. चढाच्या पायथ्याशी. माश्यांना पाणी शिंपडायला थांबलेला.

फोन स्पीकरवर होता. तिचा आवाज मी जसाच्या तसा उतरवून ठेवतोय.

"सपाटीवर आहेस? चाकांना दगड लाव. लावलेस? आता गाडीचा प्लग काढ. दांड्यावरचा काळा डबा उघड. बॅटरी आहे आत?"

"आहे की. बाई, इथे तारेला चावी आणि शिट्टी लटकतेय! सकाळपासून काहीतरी खुळखुळत होतं, मला वाटलं तुम्ही नवीन भाग बसवलाय."

"माझी चावी आहे. काढून खिशात ठेव. टोकं पुसून घे, फडक्याने. आता लाल तार लाल टोकाला. आधी लाल. नट घट्ट. हलव, हलतेय? नाही ना? आता काळी. घट्ट? आता प्लग परत लाव. दगड काढ. पिनेची दोरी गाडीपासून सोडव. पिन ओढ."

मागे माश्यांचा घोंघाट.

"ओढली."

"गाडीत बस. पुढे घे. मुंगीच्या पावलाने, वीतभर."

"बाई, अडतोय! ट्रेलर अडतोय, चाकं घासतायत!"

"थांब. पिन परत घाल. लगेच. घातलीस? दोरी गाडीला बांध. साखळीला नको, गाडीला. आता जा. खाली पोचलास की फोन कर."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिंतीवरचं माझं पत्रक तिच्यासमोर नव्हतं. डोळे मिटलेले होते. हीच बाई काल संध्याकाळी कोणत्या रस्त्याने घरी आली ते सांगू शकत नव्हती, आणि अकरा पायऱ्या न अडखळता दुसऱ्याच्या हातांनी करवून घेतल्या!

साडेदहाला त्याचा फोन आला. पोचला. सुखरूप. "चावी पुढच्या आठवड्यात आणून देतो. शिट्टी पोराने वाजवली तर चालेल ना?"

"चालेल," अक्का म्हणाली. फोन ठेवला आणि मग रडली. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा.

मी म्हणालो, "चूक माझी आहे. न बघता टिक मी केली."

"तू केलीस," ती म्हणाली. "कारण मी कधी विसरत नाही असं तुला वाटतं. तेवढं एक आता बंद कर."

१५ नोव्हेंबर, शनिवार

वर्कशॉपला सुट्टी नव्हती. आम्ही दोघं बरोबरच गेलो. चालत. कोपऱ्यावर ती क्षणभर थांबली. मी आधी उजवीकडे वळलो, ती बरोबर वळली.

फ्यूजला सगळं सांगितलं. तो उडाला नाही. जेवणाचा डबा उघडून तसाच बंद केला, म्हणाला, "अक्का, मी सोडवतो, तुम्ही तपासा. तुम्ही सोडवा, मी तपासतो. दोघांच्या सह्या." मग माझ्याकडे बघून — "आणि मास्तर, तुमच्या टिकेला वेल्डिंग करून ठेवू का, म्हणजे परत सुटणार नाही?"

अक्का हसली. थोडीशीच, पण हसली.

१६ नोव्हेंबर, रविवार

खडूची नावं. चहाच्या डब्यावर 'चहा'. मंगळवारचा प्रश्न. 'वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं समजून लिही.' खुर्ची ओढून दोनदा वाचलेलं पत्रक.

सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे. मी त्याला शिस्त म्हटलं, व्याप म्हटलं, माझ्या लिखाणाचा मान म्हटलं! ती स्वतःसाठी लिहून घेत होती. मला माझ्याच अकरा ओळींचं कौतुक.

आज विचारलं, "तुला कधीपासून कळलंय?"

"मे महिन्यापासून. एक दिवस रॉडचा खणच सापडेना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पटकन घाबरतोस. लहानपणापासून."

बुधवारी डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी बरोबर जाणार. कागदावर काय काय सांगायचं ते लिहिलंय — तिने लाल पेनाने चार ओळींचं करून दिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवा नियम पहिल्यांदा. घोडे नेणाऱ्या ट्रेलरला जोड. फ्यूजने सोडवलं, अक्काने जोड केला, फ्यूजने जोडलं, अक्काने पिन ओढली, मी डोळ्यांनी बघून टिक केली. जोड तसाच — खवले, माशाची पाठ. हाताला कशाचाच विसर पडलेला नाही.

खणात एक नवा ब्रश ठेवलेला सापडला. वेष्टनातला. बरोबर चिठ्ठी — 'हा तुझा.' तिचं अक्षर.

संध्याकाळी निघताना तिने विचारलं, "पंडित, बॅटरी जोडली का रे?" बघून आलो. जोडली होती. फाटकापाशी परत विचारलं. परत बघून आलो. घराच्या पायरीवर तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हणालो, "जोडली आहे, अक्का. मी पाहिली." मग फ्यूजला फोन करून त्याला पुन्हा बघायला लावलं.

ती विचारते त्याचं मला काहीच नाही. शंभरदा विचारू दे, शंभरदा जाईन. ती विचारायचं विसरेल, त्या दिवसाची भीती वाटते.